परबकाकांच्या तीन खुर्च्या

परबकाकांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी त्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवतात. लाइटबिल असो, लग्नपत्रिका असो, औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला पातळ कागद असो. बोट डावीकडे, मान किंचित तिरकी, ओठ मिटलेले. दोन सेकंद शांतता. मग 'हं' असा एक हुंकार, आणि त्यानंतर वाचन. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं मेनूकार्डसुद्धा ते असंच तपासतात आणि मग एक कटिंग मागवतात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, नजर अधू असेल. दुसऱ्यांदा वाटलं, म्हातारा भाव खातोय. तिसऱ्यांदा मी सरळ विचारलं. सरळ विचारायची मला सवय आहे. त्यापायी माझे बरेच नातेवाईक तुटलेत, पण माहिती भरपूर मिळते.

"काका, तिथे डावीकडे काय असतं?"

"असता असा नाय. असूक व्हया," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून साध्या मराठीवर आले. "डावीकडे बघितल्याशिवाय पुढचं वाचू नये. पुढचं सगळं बरोबर दिसतं आणि साफ चुकीचं असतं."

मी हे वाक्य डायरीत लिहून घेतलं. मला ते राजकीय वाटलं.

ते राजकीय नव्हतं. ते फौजेच्या बँडातलं होतं. इंग्रजी पद्धतीचं संगीत पाच आडव्या रेघांवर लिहितात, रेघांवर आणि फटींमध्ये टिंबं काढून. एवढं सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. पण त्या रेघांच्या सुरुवातीला, अगदी डावीकडे, एक वेटोळी खूण असते. तिला क्लेफ म्हणतात. आता बरोबर मधल्या रेघेवर एक टिंब काढा. खूण व्हायोलिनची असेल तर ते टिंब म्हणजे बी. व्हियोलाची असेल तर सी. चेलोची असेल तर डी. टिंब तेच, रेघ तीच, सूर निराळा. व्हियोला म्हणजे व्हायोलिनची अंगाने जरा भरलेली बहीण, आणि चेलो म्हणजे खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं ते उंच वाद्य. हे मी आता ऐटीत सांगतेय. दीड वर्षापूर्वी व्हियोला हे मला स्कूटरचं मॉडेल वाटलं असतं.

एकाच वाद्यावर जन्म काढणाऱ्याला याचा काही ताप नाही. त्याची खूण ठरलेली, डोळ्यांत मुरलेली. ताप होतो तीन वाद्यं वाजवणाऱ्याला. आणि परबकाका तीन वाजवतात.

मूळचे ते कुडाळकडचे. अठराव्या वर्षी भरती झाले. बंदूक मिळेल म्हणून गेले आणि हातात युफोनियम आला, म्हणजे पोटाशी धरून फुंकायचं पितळी वाद्य. फौजेच्या बँडात प्रत्येकाला दोन वाद्यं शिकावी लागतात. एक मैदानासाठी फुंकायचं आणि एक हॉलमधल्या मेजवानीसाठी तारांचं. परबकाकांना हॉलसाठी व्हियोला मिळाला. "कोणाक नको होतो, म्हणान माका दिलो," असं ते त्याचं कारण सांगतात.

आता इथे मला दोन शब्द बोलायचेत. आमच्या वर्तकनगरात एखाद्या मोठ्या टॉवरमधल्या मुलाने खांद्यावर व्हायोलिनची पेटी अडकवली की लोक कौतुकाने बघतात. कोकणातल्या भातशेतीवाल्याचा मुलगा तेच वाजवतो म्हटलं की हसतात. का हसतात? मी चार जणांना समोरासमोर विचारलं. उत्तर कुणाकडे नव्हतं, हसणं मात्र चालू होतं.

परबकाकांना त्याचं काही नाही. त्यांची सगळी चिडचिड त्या वेटोळ्या खुणेवर खर्च होते. व्हायोलिन खाली ठेवून व्हियोला उचलला की डोळे मागच्याच खुणेत अडकलेले असतात आणि पहिला सूर एक घर खाली पडतो. ते टाळायला त्यांनी बरेच उपाय केले. तोंडावर पाणी मारून पाहिलं. खिडकीबाहेर बघून वीसपर्यंत आकडे म्हणून पाहिले. शेवटी त्यांनी खुर्च्या केल्या. तीन वाद्यांना तीन वेगळ्या खुर्च्या: व्हायोलिनची लोखंडी घडीची, व्हियोलाची निळी प्लास्टिकची आणि चेलोची बिनहाताची लाकडी.

"डोकं विसरतं," त्यांनी मला समजावलं, "बूड विसरत नाही. लाकडावर बसलो की बुडाला कळतं, आता चेलो. ते वर निरोप धाडतं."

"आणि निरोप पोचतो?"

"पोचतो. पण पहिल्या सुराक जरा लेट."

एकदा आमच्या वॉचमनने निळी खुर्ची गेटवर नेली होती. त्या दिवशी काकांनी व्हियोला उघडलाच नाही. वॉचमनला म्हणाले, "बस बाबा, बस. पण तू आज माझो क्लेफ घेऊन बसलंयस." वॉचमन दिवसभर खुर्चीखाली वाकून बघत होता.

हे सगळं घडायचं आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत. तिला बोर्डावर 'अ‍ॅक्टिव्हिटी रूम' म्हणतात. आत अ‍ॅक्टिव्हिटी एकच होती, दर रविवारी चार ते सहा, परबकाकांचा गट. घरी वाजवायची सोय नव्हती. मुलगा घरून काम करतो आणि त्याच्या कंपनीचे साहेब म्हणे रविवारीही कॉल लावतात. चेलोच्या पहिल्याच आवाजाला पलीकडून कुणीतरी विचारलं होतं, "इज एव्हरीथिंग ओके देअर?" काकू वर्षातले आठ महिने गावी, काजूच्या मागे. तेव्हा काका, वाद्यं आणि खुर्च्या, सगळं खाली.

आम्ही या सोसायटीत राहायला आलो त्याला दीड वर्ष झालं. रविवारी दुपारी त्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसून मी पत्रकांच्या घड्या घालते. पाण्याच्या वेळा, फुटपाथवरचं पार्किंग, कचऱ्याची गाडी. पत्रक नाही असा महिना जात नाही. दार बंद असायचं आणि आतून आवाज यायचे. आधी व्हायोलिन, मग व्हियोला, मग चेलो. खुर्च्यांचं ते सगळं मला बऱ्याच नंतर कळलं; तेव्हा तीन वाद्यं म्हणजे तीन माणसं, यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही.

तिन्ही कधीच एकत्र वाजत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, शिस्त आहे. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या मीटिंगमध्ये हे आजवर एकदाही झालेलं नाही, त्यामुळे मला उलट आदरच वाटला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वादकाची सुरुवात हमखास चुकायची. एक सूर यायचा, लगेच आतून परबकाकांचा आवाज, "जैसे थे!" हा कवायतीतला हुकूम, म्हणजे केलेलं रद्द, पूर्वीच्या जागी या. मग तोच सूर परत, बरोबर. मला त्या दोघांची दया यायची. या वयात इतकं धारेवर धरायचं म्हणजे काय!

पत्रकं काका तपासून द्यायचे. पेन्सिलीने मजकुरात वर स्वल्पविरामासारख्या खुणा करायचे.

"हे काय?"

"श्वासाची खूण. तुझ्या पत्रकात सगळीकडे जोर. वाचणारो श्वास खंय घेणार?"

तर यंदा नवे सेक्रेटरी आले. गद्रे. माणूस सभ्य, शुद्ध बोलणारा आणि नियमावली पाठ असलेला. ऑनलाइन मागवलेली पार्सलं गेटवर ढिगाने पडतात, त्यांना जागा हवी, म्हणून त्यांचा डोळा या खोलीवर गेला. नियम असा होता की गटात किमान तीन माणसं हवीत, नाहीतर खोली कमिटीच्या ताब्यात.

माझं रक्त उसळलं. पार्सलं! लोकांनी मागवलेल्या चपला आणि मोबाइलची कव्हरं ठेवायला कलावंतांना बाहेर? एका बैठकीत पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात: 'तीन वृद्ध कलावंतांना पार्सलांसाठी हाकलणार? लाज वाटू द्या!'

काकांना दाखवलं. त्यांनी बोट डावीकडे ठेवलं. मग ते सरकत सरकत 'तीन' या शब्दावर आलं आणि तिथेच थांबलं. बराच वेळ.

"भाषा कशी वाटते?" मी विचारलं.

"भाषा जोरदार असा."

"मग छापू?"

"छाप," ते म्हणाले. श्वासाची एकही खूण केली नाही.

पत्रक दाराखालून बाकीच्या चौसष्टही घरांत गेलं. पुढच्या रविवारी बरोबर साडेचारला गद्रे कमिटीच्या एका सदस्याला घेऊन खोलीत दाखल झाले. मीही घुसले, पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून. आत तीन खुर्च्या होत्या, तीन वाद्यं होती आणि निळ्या खुर्चीत एकटे परबकाका.

"बाकीचे दोघे कुठायत?" गद्र्यांनी विचारलं.

"माने आणि भोईर? आज नाय आले."

"पण हजेरीवहीत तर दर रविवारी तिघं हजर आहेत."

"नीट वाचा."

गद्र्यांनी वही उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. पानामागून पान, सुंदर टपोऱ्या अक्षरात: व्हायोलिन हजर. व्हियोला हजर. चेलो हजर. माणसाचं नाव फक्त पहिल्या पानावर, गटाच्या यादीत.

"बँडात वाद्याची हजेरी घेतात," काका शांतपणे म्हणाले. "माणूस काय, आजारी पडतो, रजेवर जातो. पार्ट वाजला की नाही, तेवढं लिहायचं. मी खोटं काय लिवलंय?"

"म्हणजे तिन्ही वाद्यं तुम्हीच वाजवता?"

"मगे कोण? तुम्ही?"

कमिटीचा सदस्य फिस्सकन हसला आणि माझ्याकडे वळला. "काय पत्रकताई? तीनपर्यंत मोजता येतं ना तुम्हाला?"

मी काखेतला गठ्ठा पाठीमागे लपवला. हे नोंदवून ठेवावं इतकं दुर्मीळ आहे.

"माने का येत नाहीत?" गद्र्यांनी विचारलं.

"गेलो तो. आम्ही तिघा एकाच बँडातले. दोन वर्षां झाली. खडवलीक रवायचो. ह्या व्हायोलिन त्याचा. वहिनीनी आणून दिल्यानी, वाजत रवांदेत म्हणाल्या."

"आणि भोईर?"

"भोईर असा. मोहन्याक. घराबाहेर पडूक जमणा नाय त्याका."

गद्र्यांनी हजेरीवही हळूच मिटली. मी त्यांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घालून ठेवल्या होत्या, त्या तशाच वाया गेल्या. ते खाली बसले, तेही चुकून चेलोच्या खुर्चीवर, आणि म्हणाले, "परब, हे बघा. एकट्या माणसालाही वैयक्तिक अर्जावर खोली देता येते. रविवारी एक तास. पार्सलं आम्ही भिंतीला लावू. फक्त आधीचा गट बंद झाला असं लेखी द्या. यादीतली ती दोन नावं काढा, खाली सही करा. संपलं."

"गट बंद झालेलो नाय."

"अहो, पण मानेच—"

"गट बंद झालेलो नाय," काका म्हणाले, आणि व्हियोला पेटीत ठेवायला लागले.

गद्र्यांनी गटातली तिन्ही नावं लिहिलेला छापील अर्ज निळ्या खुर्चीवर ठेवला. पुढच्या रविवारपर्यंत सही झाली नाही तर कुलूप बदलावं लागेल, असं अगदी हळू आवाजात सांगून ते गेले.

मग मी फुटले. "काका, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत! मी चौसष्ट घरांत तीन माणसं म्हणून सांगितलं!"

"मी तुका सांगितलेलं, तीन माणसं?"

"पत्रक दाखवलेलं ना तुम्हाला!"

"भाषा कशी असा, इतक्याच विचारलंस."

"अहो, पण तुम्हाला दिसत होतं ना चूक आहे ते? मग 'छाप' का म्हणालात?"

काका पेटीची कडी लावत होते. ती लागेना. "छापील दिसलं ना," ते म्हणाले, "तीन. बरं वाटलं."

त्या रात्री मी पत्रकांचा उरलेला गठ्ठा घेऊन विचार करत बसले. ज्यांना मी लाज वाटू द्या म्हणत होते त्या चौसष्ट घरांपैकी एकालाही दोन वर्षांत कळलं नव्हतं की खोलीत तिघं यायची, त्यातला आता एकच येतो. आणि पासष्टावी मी. दाराबाहेर दीड वर्ष बसून घड्या घालत होते, एकदा दार ढकलून आत बघितलं नव्हतं.

तरी राग होताच. दोन नावांवर काट मारायची, एवढंच तर होतं! खोली वाचत होती. तत्त्वासाठी भांडावं, मी स्वतः भांडते, पण यात तत्त्व कुठलं? मंगळवारी जिन्यात काका भेटले तेव्हा मी हेच सुनावलं. त्यांनी वाद घातला नाही. "उद्या मोकळी असस?" एवढंच विचारलं. "मी बुधवारी भोईराकडे जातंय. चल. तो कागद पण घे."

एसटीने कल्याण आणि तिथून रिक्षाने मोहने. काका दर बुधवारी जातात, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं. बरोबर वाद्य नव्हतं. पिशवीत फक्त संगीताचे कागद आणि भोईरांसाठी चकलीचा पुडा.

भोईरांचं घर जुनं, कौलारू, दोन्ही बाजूंना नव्या बिल्डिंगा उठलेल्या. ओटीवर खुर्चीत एक धिप्पाड म्हातारा बसला होता. उजव्या हातात वर्तमानपत्र. डावा हात मांडीवर, दुसऱ्या कुणी आणून ठेवल्यासारखा. बाजूला भिंतीला टेकवलेला चेलो, काकांच्या चेलोपेक्षा कितीतरी जुना आणि झळझळीत.

"कय रं परब, आज पोरगी बरोबर? साक्षीदार आनलास का?"

"तां पत्रकां काढता."

"बस पोरी, बस. आमचं भांडन बगाला मानूस पायजेलच व्हता."

काकांनी कागद स्टँडवर लावले, चेलो भोईरांच्या गुडघ्यांमध्ये ठेवला आणि गज त्यांच्या उजव्या हातात दिला. मग स्वतः त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि आपला डावा हात भोईरांच्या खांद्यावरून पुढे काढून चेलोच्या मानेवर, तारांवर ठेवला.

मला कळायला जरा वेळ लागला. चेलोत उजव्या हाताने गज ओढतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबून सूर ठरवतात. भोईरांचा डावा हात पक्षाघाताने गेला होता. उजवा शाबूत होता. ते डोळे मिटून गज ओढत होते आणि त्यांच्या डोक्यावरून कागद वाचत परबकाका बोटं दाबत होते.

पहिलाच सूर पडला आणि भोईर कडाडले. "वर! वर घे! व्हियोला नाय हा, चेलो हाय! डावीकरं बग, डावीकरं बग म्हनून जगाला सांगत फिरतंस, तू कवा बगशील?"

"जैसे थे!" परबकाका ओरडले.

"मानूस जैसे थेच हाय, बोटं बदल!"

असं तीनदा झालं. चौथ्यांदा सूर बरोबर लागला आणि पुढे सरकला. हळू, अडखळत, मधूनच पायरी चुकल्यासारखा. पण दोघांतलं कुणी थांबलं नाही. सांगायची गोष्ट म्हणजे, चांगलं वाजत होतं. मला संगीतातलं कळत नाही, पण दोन माणसं एकमेकांना वाट देतायत हे कळायला फार ज्ञान लागत नाही.

पान संपलं तसे भोईर माझ्याकडे वळले. "दवाखान्यातनं घरी आलू तवा सूनंला बोललू, इकून टाक हा चेलो, मना डोल्यासमोर नको. हा आयला आनि बोलतं, उजवा हाय ना तुजा? मंग डावा माजा घे. मी बोललू, येड्या, तू चालीस वर्सं व्हियोला वाजवलास, तुला ह्यो कागद वाचता येल का? बोलतं, शिकन. सत्तरीला आलेला मानूस! कुठनं तरी फुटका चेलो पैदा केलान, त्या तुमच्या खोलीत ठेवलान. सा महिनं लागलं त्याला मना पैला सूर द्यायाला. अजून दर रयवारी खोलीत पाठ करतं, तवा कुठं बुधवारी माज्याकरं येतं."

"पुरे झाला," परबकाका म्हणाले. "चकली खा."

माझ्या पर्समधला गद्र्यांचा अर्ज एकदम जड झाला. मी तो काढला आणि भोईरांना सगळं सांगितलं. खोली, तीन माणसांचा नियम, रविवारची मुदत, दोन नावं. मोठ्या आवाजात सांगायची सवय आहे, पण त्या दिवशी आवाज चढेना.

भोईरांनी ऐकून घेतलं आणि मान मागे वळवायचा प्रयत्न केला. परबकाका अजून त्यांच्या मागेच उभे होते. "सही का नाय केलीस?"

"तुझा नाव काढूचा लागता."

"मंग काढ! मी येनार हाय का तितं?"

"आणि मान्याचा."

भोईरांनी गज खाली केला. मग म्हणाले, "परब, खोली गेली तं तू शिकनार कुठं? तुजं बोट चुकलं का माजा हात चुकतंय. एका कागदापायी माजा हात कशाला घालवतंस रं?"

परबकाका समोर आले. माझ्याकडून अर्ज घेतला. बोट डावीकडे ठेवायला विसरले. 'तुकाराम भोईर' या नावावर त्यांनी पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ मारली, खाली सही केली, आणि मग मधल्या नावाशी येऊन पेन थांबलं. ते दोनदा टेकलं आणि दोनदा उचललं. दुसऱ्या वेळी कागदावर शाईचा एक ठिपका तेवढा उमटला.

"तुज्याच्यानं नाय व्हनार," भोईर म्हणाले. "आन इकरं."

त्यांनी पेन घेतलं. मी कागद त्यांच्या मांडीवर दाबून धरला, तो निर्जीव हात बाजूला सारून. भोईरांनी मान्यांच्या नावावर रेघ मारली. जोरात नाही, एकसारखी, एका दमात, गज ओढावा तशी. कागद मला दिला. "दे तुज्या सेक्रेटरीला. आनि त्याला सांग, पार्सलं ठेवशील तं भिजाला देऊ नको, चेलोच्या लाकराला वल लागते."

मग दोघं परत बसले. म्हणजे एक बसला आणि एक मागे उभा राहिला. या वेळी सुरुवात चुकली नाही. अर्ध्या पानावर एक लांब सूर होता, चेलोने एकट्याने धरायचा. गज त्या सुरावर आला, निम्मा ओढला गेला आणि थांबला. भोईरांची मान खाली गेली. मी घाबरून उठले. परबकाकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको.

"दमलो तो," ते ओठांनीच म्हणाले.

ओटीवर आवाज नव्हता. वाजत काहीच नव्हतं, तरी काकांचं बोट त्या तारेवर तसंच दाबलेलं होतं. इतकं घट्ट, की नखाखाली पांढरं पडलं होतं. ते बोट त्यांनी उचललं नाही. आतून भोईरांची सून चहा घेऊन आली, उंबऱ्यातच थांबली, परत गेली. काका वाकलेल्या पाठीने उभे होते.

खूप वेळाने भोईरांचा उजवा हात हलला, आणि जिथे थांबला होता तिथूनच तो सूर पुढे निघाला.